शाळेतली मारामारी आणि छळ ओळखणारी यंत्रणा: काय चालतं, काय फसतं

प्रश्न असा आहे: बाराशे विद्यार्थ्यांच्या शाळेला एका विक्रेत्याने तीन गोष्टींचा प्रस्ताव दिला आहे. कॅमेऱ्यांवर हिंसा ओळखणारं सॉफ्टवेअर, जिथे कॅमेरा लावता येत नाही तिथे आवाज ओळखणारे सेन्सर, आणि मुलांच्या शालेय खात्यांवरच्या संदेशांची आपोआप तपासणी. माहितीपत्रकात ‘९० टक्के अचूकता’ लिहिली आहे. घ्यावं का?

कॅमेरा मोजक्या जागी उपयोगी पडतो. आवाजाचे सेन्सर बहुतेक ठिकाणी डोकेदुखी ठरतात. संदेशांची तपासणी चालते, पण सूचना वाचायला ठरलेला माणूस नसेल तर नुसता ढीग साचतो. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो छळ या तिन्हींपैकी कशातही थेट दिसत नाही. तो वेगवेगळ्या नोंदी एकमेकींना जोडल्यावर दिसायला लागतो. त्यामुळे पैसे कुठे घालायचे याचा क्रम प्रस्तावाच्या जवळपास उलटा लागतो.

हे असं का, ते आधी बघू. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या आणि आजही बहुतेक काम त्यांवरच चालतं: मुद्दाम केलेला त्रास, पुन्हा पुन्हा होणारा, आणि दोघांच्या ताकदीत फरक असलेला. ताकद म्हणजे नुसती अंगातली नव्हे. वय, लोकप्रियता, मागे उभी असलेली टोळी हेही त्यात आलं. आता पाच सेकंदांच्या व्हिडिओ तुकड्यात यातलं काय दिसतं? हेतू दिसत नाही, वारंवारता तर दिसणं शक्यच नाही, आणि ताकदीतला फरक उंचीपुरताच दिसतो. यंत्र एक घटना बघतं, आणि छळ ही घटनांची माळ असते. बरोबरीच्या दोन मुलांची एकदाच जुंपली तर ती मारामारी आहे, छळ नाही. आणि वर्षभर कोणी बोटही न लावता एखाद्या मुलीला वाळीत टाकलं तर तो पक्का छळ आहे. पहिल्यावर यंत्र बोंब मारेल, दुसऱ्यावर गप्प बसेल.

आता ते ‘९० टक्के’. समजा शालेय खात्यांवरून दिवसाला २०,००० संदेश जातात आणि त्यांतले २० खरोखर छळाचे आहेत. सॉफ्टवेअर त्या २० पैकी ९० टक्के, म्हणजे १८ पकडतं. उरलेल्या १९,९८० निरुपद्रवी संदेशांपैकी फक्त २ टक्क्यांवर ते चुकून बोट ठेवतं. हे प्रमाण ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते ४०० संदेश झाले. एकूण ४१८ सूचना, त्यांत कामाच्या १८. म्हणजे साधारण २३ सूचनांमागे एक खरी. एक सूचना वाचून, मागचापुढचा संदर्भ बघून निकाली काढायला दोन मिनिटं धरली तरी रोजचे १४ तास लागतात. एवढा वेळ कोणाकडेच नसतो. पंधरा दिवसांत सूचनांची ती पेटी कोणी उघडेनासं होतं, आणि त्यानंतरची अवस्था यंत्रणा नसण्यापेक्षा वाईट, कारण नोंद होती आणि कोणी पाहिली नाही असं कागदावर राहतं. गंमत अशी की ‘सगळे संदेश स्वच्छ आहेत’ असंच सांगणारं यंत्र याच आकड्यांवर ९९.९ टक्के अचूक ठरतं. म्हणून विक्रेत्याला अचूकता विचारू नका. दोनच आकडे मागा: शंभर सूचनांमागे खऱ्या किती, आणि शंभर खऱ्या प्रकारांपैकी सुटले किती. तेही तुमच्यासारख्या शाळेतले, प्रयोगशाळेतले नकोत.

प्रयोगशाळेतले आकडे चांगले का येतात तेही समजून घ्या. मारामारी ओळखणारी बरीच प्रारूपं (म्हणजे उदाहरणांवरून शिकवलेली सॉफ्टवेअरं, ‘मॉडेल’) ज्या व्हिडिओंच्या संचांवर शिकवली आणि तपासली जातात त्यांतला एक जुना संच आइस हॉकीच्या सामन्यांतल्या १,००० तुकड्यांचा आहे. निम्म्यांत मारामारी, निम्म्यांत खेळ. दुसरा, ‘आरडब्ल्यूएफ-२०००’, निगराणी कॅमेऱ्यांच्या पाच-पाच सेकंदांच्या २,००० तुकड्यांचा, तोही निम्मा-निम्मा. शाळेच्या जिन्यात निम्मा वेळ मारामारी चालत नाही. हजारो तासांत काही मिनिटं चालते. निम्म्या-निम्म्या परीक्षेत ९० गुण मिळवणारं प्रारूप तिथे खोट्या सूचनांचा पाऊस पाडतं.

तरीही कॅमेरा अगदीच निरुपयोगी नाही. शारीरिक हिंसा बहुधा ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी होते: जिन्याचं वळण, मागचं फाटक, लॉकरची रांग, मधली सुट्टी संपण्याआधीची आणि शाळा सुटल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं. चाळीस कॅमेऱ्यांवर विश्लेषण लावण्यापेक्षा अशा चार-पाच जागांवर, त्याच वेळांपुरतं लावा. सूचना कमी होतात आणि ज्या येतात त्यांना अर्थ असतो.

बसवताना सगळ्यात जास्त चुका कोनात होतात. कॅमेरा छताला चिकटवून थेट खाली बघायला लावला तर डोकी आणि खांदेच दिसतात. शरीराचे सांधे शोधून हालचाल ओळखणारं प्रारूप तिथे आंधळं होतं. साधारण तीन मीटर उंचीवरून तिरपा कोन ठेवा आणि जिथे मारामारी होण्याची शक्यता आहे तिथे उभ्या मुलाची उंची चित्रात किमान शंभर पिक्सेल भरते का ते मोजा. त्याहून लहान आकृतीत हात आणि पाय वेगळे करता येत नाहीत. लांब व्हरांड्याच्या टोकाला खिडकी असेल तर मुलं काळ्या सावल्यांसारखी दिसतात. कॅमेरा उजेडाकडे पाठ करून लावा. सेकंदाला १० ते १५ चित्रं पुरतात, पण चार-पाच पुरत नाहीत, कारण ठोसा दोन चित्रांच्या मधल्या फटीत संपून जातो.

यंत्र फसतं ते मिठी, नाच, पाठीवर बसून पळणं, गोल झाल्यावरचा जल्लोष यांवर. यंत्र एका वेळी काही सेकंदांचा तुकडा तपासतं, त्याला ‘खिडकी’ म्हणतात. एका खिडकीच्या निकालावर सूचना न देता लागोपाठ तीन खिडक्यांत तोच निकाल आला तरच द्यावी, एवढ्या एका सेटिंगने बराच कचरा गाळला जातो. आणि एक गोष्ट फारशी कोणी वापरत नाही: ठोशापेक्षा गर्दी ओळखणं सोपं आहे. मारामारी सुरू झाली की मुलं तीन-चार दिशांनी एकाच बिंदूकडे धावतात, गोल होतो आणि त्या गोलात मारामारी झाकली जाते. म्हणजे ठोसा शोधणारं प्रारूप नेमकं त्याच वेळी निकामी होतं. ‘वीस सेकंदांत आठहून अधिक मुलं एका जागी जमली आणि थांबली’ हा साधा नियम पुष्कळदा महागड्या प्रारूपाच्या बरोबरीने काम करतो. वर त्याला कोणाचा चेहरा ओळखावा लागत नाही.

सूचना आल्यावर माणूस दोन मिनिटांच्या आत तिथे पोचू शकत नसेल तर त्या कॅमेऱ्यावर विश्लेषणाचे पैसे घालू नका. नुसतं रेकॉर्डिंग तेवढंच काम करतं.

अंगावर घालायच्या सेन्सरची विचारणाही अधूनमधून होते. फिनलंडच्या औलू विद्यापीठात कमरेला बांधलेल्या त्वरणमापक आणि जायरोस्कोप या हालचाल आणि वळणं मोजणाऱ्या सेन्सरच्या साहाय्याने ढकलणं, पाडणं, मारणं हे धावण्या-खेळण्यापासून वेगळं करण्याचे प्रयोग झाले आहेत. हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदींवरही काम झालं. अभ्यास म्हणून ते चोख आहे. पण त्यांतली हिंसा मुलांनी अभिनय करून दाखवलेली होती, आणि तसं होणं साहजिकच, खरी मारहाण प्रयोगासाठी कशी घडवणार? शाळेत मात्र अडचण वेगळी आहे. ठोके धावल्यानेही वाढतात, तोंडी परीक्षेनेही वाढतात. आणि ज्याला मारायचं त्याला आधी ‘पट्टा काढ’ म्हणायला मारणाऱ्याला किती वेळ लागतो? हा पर्याय सोडून द्या.

आवाजाच्या सेन्सरबद्दल विक्रेते उत्साही असतात, कारण स्वच्छतागृह आणि कपडे बदलायच्या खोलीत कॅमेरा लावता येत नाही आणि त्रास तिथेच जास्त होतो. अमेरिकेतल्या प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०१९ साली शाळांत विकल्या जाणाऱ्या अशा एका उपकरणाची चाचणी घेतली. खोकला, मोठ्याने हसणं, लॉकरचं दार आपटणं यांवर ते ‘आक्रमकता’ म्हणून ओरडलं, आणि मुलांच्या काही उंच पट्टीतल्या किंकाळ्या त्याने सोडून दिल्या. कारण उघड आहे: असं सॉफ्टवेअर घोगरा, ताणलेला आवाज शोधतं. खोकला नेमका तसाच असतो आणि घाबरलेल्या मुलाची किंकाळी तशी नसते. शिवाय खरी धमकी हळू आवाजात, कानाशी दिली जाते. फरशीच्या खोलीतला घुमारा हे सगळं आणखी बिघडवतो.

तरी बसवायचंच ठरलं तर लेखी अट घाला की उपकरणातून आवाज बाहेर जाणार नाही, फक्त आवाजाची पातळी आणि प्रकार जाईल. आणि ते नुसत्या शब्दावर मानू नका. शाळेच्या नेटवर्क बघणाऱ्या माणसाला एक दिवस त्या उपकरणातून किती डेटा बाहेर जातो ते मोजायला सांगा. फक्त सूचना पाठवणारं उपकरण सहसा फार थोडा डेटा पाठवतं. आकडा त्यामानाने फार मोठा आला तर आवाज बाहेर जात असू शकतो आणि विक्रेत्याने खुलासा द्यायला हवा.

आता संदेश. इथे तीन पायऱ्यांची साधनं मिळतात. शब्दयादी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मठ्ठ: मित्रामित्रांतली प्रेमाची शिवी पकडते आणि ‘तू नसतास तर बरं झालं असतं’ सोडून देते. दुसरी पायरी एकेक वाक्य किती विषारी याचे गुण देणाऱ्या प्रारूपाची. ती बरी, पण अक्षरांमध्ये टिंब टाकलं, आकडा घातला की गडबडते. रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीत तर एकाच शब्दाची पाच स्पेलिंगं असतात. प्रारूप ज्या मजकुरावर शिकवलं तो इंग्रजी असेल तर मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळीवर तिचा भरवसा धरू नका. मराठीत द्वेषपूर्ण मजकुराचा ‘महाहेट’ नावाचा पंचवीस हजारांवर ट्विट्सचा संच २०२२ पासून उपलब्ध आहे, पण तोही ट्विटरवरच्या मोठ्यांच्या भाषेचा, आठवीतल्या मुलांच्या नव्हे. आणखी एक खोट: धर्म, जात, लैंगिकता यांची नुसती नावं आली तरी काही प्रारूपं गुण वाढवतात. मग ‘मला असं चिडवतात’ असं लिहिणारी मुलगीच संशयित ठरते.

तिसरी पायरी संवादाची, आणि माझ्या मते विकत घेण्यासारखी हीच. वर्गाचा एक ग्रुप घ्या. एक मुलगी गृहपाठाचा प्रश्न विचारते. कोणीतरी लिहितं, ‘आल्या बघा मॅडम’. त्यावर चार मिनिटांत अकरा जणांचे हसण्याचे इमोजी. मग एकजण, ‘अगं उत्तर दे ना कोणीतरी तिला’. पुन्हा इमोजी. ती गप्प. तासाभरात ती ग्रुपमधून बाहेर. यातलं एकही वाक्य कुठल्याच प्रारूपाला विषारी वाटणार नाही. पण आकृती स्पष्ट आहे: दहा मिनिटांत एका व्यक्तीच्या संदेशावर पाचहून अधिक वेगवेगळ्या खात्यांचा रोख, उलट बाजूने शून्य उत्तर, आणि नंतर बाहेर पडणं किंवा काढून टाकलं जाणं. हे मोजायला वाक्यांचा अर्थ लावावा लागत नाही. कोण, कोणाला, किती वेळा, किती वेळात एवढं पुरतं. एकदा घडलं तर काही नाही. तीन आठवड्यांत त्याच व्यक्तीबाबत तिसऱ्यांदा घडलं तर वर्गशिक्षकांना कळवायचं.

अर्थात हे शाळेने दिलेल्या खात्यांपुरतं. खरा मजकूर मुलांच्या खासगी फोनवर, एन्क्रिप्टेड ग्रुपमध्ये असतो. तिथे शाळेला शिरता येत नाही आणि शिरूही नये. तिथून माहिती येण्याची एकच वाट, कोणीतरी येऊन दाखवणं. दाखवलं तर स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ, खात्याचं नाव आणि आधीचे-नंतरचे काही संदेश येतील असं बघा. कापलेला एकच संदेश पुढे टिकत नाही. मात्र अल्पवयीन मुलाचा नग्न फोटो असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढू नका, पुढे पाठवू नका, शाळेच्या संगणकावर तर अजिबात ठेवू नका. बहुतेक देशांत तो बाळगणं हाच गुन्हा आहे. अशा फोटोसाठी ‘टेक इट डाउन’ ही सेवा २०२३ पासून आहे. फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा अंकी ठसा तेवढा जातो, आणि सहभागी संकेतस्थळं त्या ठशावरून फोटो शोधून काढून टाकतात. ज्याचा फोटो आहे त्यानेच हे स्वतःच्या फोनवरून करायचं, शेजारी विश्वासातलं मोठं माणूस बसवून. पोलिसांत द्यायचं असेल तर फोन तसाच ठेवा, काही पुसू नका.

मग पैसे कुठे घालायचे? आधी तक्रारीच्या वाटेवर. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २०२१ मध्ये शाळांवरचे ६७ नियोजित हल्ले कसे टळले याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून ठळकपणे पुढे आलं ते हे की धोक्याचं बोलणं-वागणं सगळ्यात आधी सोबतच्या मुलांच्या कानावर येतं आणि ती सांगतात म्हणून हल्ले टळतात. रोजच्या छळाचंही तसंच आहे. मुलांना माहीत असतं, सांगायची सोय नसते.

निनावी अर्ज चारच रकान्यांचा ठेवा: काय झालं, कुठे, केव्हा, आणि कोणाला मदत हवी आहे. ‘कोणी केलं’ हे ऐच्छिक. अर्जाचा क्यूआर कोड सूचनाफलकावर लावू नका, तिथे उभं राहून स्कॅन करणारं मूल सगळ्यांना दिसतं. स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. अर्ज शाळेच्या खात्याने लॉगइन करून भरायला लावला तर तो निनावी नाही, हे मुलांना पहिल्या दिवशी कळतं. निनावी राहूनच दोन्हीकडून बोलता येईल अशी सोय हवी, नाहीतर ‘त्याला खूप त्रास देतात’ एवढ्यावर पुढे जाता येत नाही. एका शालेय दिवसात उत्तर गेलंच पाहिजे. एका निनावी अर्जावर कोणावरही कारवाई करायची नाही, फक्त लक्ष ठेवायचं. एवढा नियम पाळला की खोट्या अर्जांचं भय बरंचसं संपतं. आणि आठवड्यातून एकदा चाचणीचा अर्ज टाकून तो खरंच पोचतो का ते बघा. अशा पेट्या बंद पडतात त्या बहुतेक वेळा जबाबदार शिक्षकाची बदली होऊन ईमेलचा पत्ता तसाच राहिल्यामुळे.

दुसरं, मैत्रीचा नकाशा. दर आठ ते दहा आठवड्यांनी तीन प्रश्न: कोणाजवळ बसायला आवडेल (तीन नावं), मधल्या सुट्टीत कोण एकटं असतं, वर्गात कोणाला कोणाचा त्रास होतो. उत्तरं फक्त समुपदेशकाने बघायची. साध्या स्प्रेडशीटमध्ये प्रत्येकाचं नाव किती जणांनी घेतलं ते मोजा. शून्य आकडा असलेलं मूल नेहमीच संकटात असतं असं नाही, काहींना एकटं आवडतं. पण मागच्या फेरीत पाच आणि या फेरीत शून्य, ही घसरण कधीही दुर्लक्षू नका. तिसऱ्या प्रश्नातून आणखी एक गोष्ट मिळते. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की छळात दोनच पात्रं नसतात; हात लावणारे मदतनीस, हसून चढवणारे, बाजू घेणारे आणि बघून सोडणारेही असतात. त्याच विचारावर तिथल्या शाळांतला ‘किवा’ हा छळविरोधी कार्यक्रम उभा आहे. हसणारे कोण हे कळलं की काम करायला जागा मिळते, कारण मुख्य त्रास देणाऱ्यापेक्षा हे लवकर बदलतात.

तिसरी गोष्ट दिसायला अगदी कंटाळवाणी आहे: घटनांची वही, अर्थात संगणकावर. तारीख, तास, जागा, कोणी, कोणाला, काय, कोणी पाहिलं, काय केलं. दप्तर लपवलं, डबा सांडला, टोपणनावाने हाक मारली, असं किरकोळही लिहायचं. एका शिक्षकाला एक, दुसऱ्याला दुसरी गोष्ट दिसते. प्रत्येकाला ती एकटीच वाटते. तीस दिवसांत तीच जोडी, तीच दिशा, तीन नोंदी झाल्या की आपोआप बैठक लागली पाहिजे. याला हजेरी जोडा: फक्त खेळाच्या तासाच्या दिवशीच गैरहजेरी, पोटदुखीसाठी आरोग्य कक्षात वाढलेल्या फेऱ्या. नुसत्या हजेरीवरून निष्कर्ष काढू नका, खरंच पोट दुखत असू शकतं. जपानच्या ओत्सु शहरात २०११ मध्ये छळाला कंटाळून एका विद्यार्थ्याने आत्महत्या केली, २०१३ मध्ये त्या देशाने छळप्रतिबंधाचा कायदा केला, आणि पुढे त्याच शहराने शिक्षकांनी लिहिलेल्या सुमारे नऊ हजार जुन्या अहवालांवरून कोणतं प्रकरण गंभीर वळण घेईल याचा अंदाज यंत्राकडून बांधायला घेतला. कॅमेरे नाहीत, अहवाल. आधी वही नीट असेल तरच असलं काही पुढे करता येतं.

कायद्याची बाजू थोडक्यात. चेहरा ओळखणं आणि भावना ओळखणं या दोन सोयी प्रस्तावात असतील तर काढून टाका. युरोपीय संघात वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा अपवाद सोडून शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. स्वीडनमध्ये २०१९ साली चेहऱ्यावरून हजेरी घेतल्याबद्दल एका नगरपालिकेला दोन लाख क्रोनांचा दंड झाला; पालकांची संमती होती, पण शाळेपुढे पालक खुल्या मनाने नाही म्हणू शकत नाहीत म्हणून ती ग्राह्य धरली गेली नाही. न्यूयॉर्क राज्याने २०२३ मध्ये शाळांत चेहरा ओळखण्यावर बंदी घातली.

खरेदी करण्याआधी सहा आठवडे मूक चाचणी घ्या. यंत्र चालू, सूचना फक्त नोंदल्या जातात, त्यावरून कोणत्याही मुलाला बोलवायचं नाही. अपवाद एकच: जिवाला धोका दिसला तर लगेच. त्याच काळात शिक्षक आपली वही लिहितात. शेवटी दोन जणांनी प्रत्येक सूचना एकमेकांना न विचारता ‘खरी’ किंवा ‘खोटी’ ठरवायची. दोघांच्या सहमतीचा ‘कोहेन कप्पा’ (योगायोगाने जुळलेली मतं वजा करून सहमती मोजणारा आकडा, पूर्ण सहमतीला १) ०.६ च्या खाली आला तर यंत्राला दोष देऊ नका, छळ कशाला म्हणायचं हेच शाळेत ठरलेलं नाही. कप्पा ठीक असेल आणि तरी दहा सूचनांमागे तीनसुद्धा खऱ्या निघत नसतील तर उंबरठा वाढवा, म्हणजे यंत्राला जास्त खात्री असेल तरच सूचना येऊ द्या. तेवढ्यानेही जमलं नाही तर प्रस्ताव परत पाठवा.

करारात चार कलमं असू द्या. मानवी तपासणीत खोट्या ठरलेल्या सूचनांचा मजकूर सात दिवसांत पुसला जाईल. खऱ्या प्रकरणाची प्रत शाळेकडे राहील, विक्रेत्याकडे नाही. मुलांचा डेटा विक्रेत्याच्या प्रारूपाला शिकवण्यासाठी वापरला जाणार नाही. आणि यंत्राची सूचना हा शिक्षेचा पुरावा मानला जाणार नाही. ती चौकशी सुरू करण्यापुरती, एवढीच. शेवटचं कलम शाळेच्या शिस्तनियमांतही तसंच्या तसं लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी स्क्रीनवरचा लाल चौकोन पालकांसमोर ठेवून मुलाला घरी पाठवतं.